पंपरूमची चावी, दोनच दिवस

यंदा मी सोसायटीचा सेक्रेटरी राहणार नाही! सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी हे घरात छाती ठोकून जाहीर केलं. तसं मागची आठ वर्षं दर सप्टेंबरात करतोच. पण तेव्हा नुसतंच जाहीर करायचो. यंदा माझ्या पाठीशी शास्त्र होतं! समाजमानसशास्त्र! चांगलं उशीएवढं जाड पुस्तक होतं, आमच्या निधीच्या बीएच्या दुसऱ्या वर्षाचं. त्यातली तीन प्रकरणं मी चष्मा लावून, पेन्सिलीने खुणा करून वाचली होती. निधीने स्वतः दोनच वाचली होती.

मी नंदकिशोर परब. मुलुंड पूर्वेला आमची ‘नवसंकल्प’ सोसायटी. सात मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं, एक लिफ्ट, एक पंप आणि नऊ वर्षं एकच सेक्रेटरी.

मी दमलोय हो. खरंच दमलोय. अर्धी दाढी झाली की बेल वाजते, “काका, पाणी नाही!” वरणभाताचा घास हातात घेतला की फोन, “परब भाऊ, लिफ्ट दोन आणि तीनच्या मध्ये थांबलीय, आत सासूबाई आहेत!” सासूबाईंना बाहेर काढून, त्यांची बोलणी खाऊन, गार भात गिळायला जिना चढावा, तर वरून दोघं बोलत उतरत असतात. काय बोलत असतात? “सेक्रेटरी लक्ष देत नाही!” हे वाक्य नऊ वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या घराच्या पाटीवर नावाखाली तेच लिहून टाकावं, असं वाटतं.

बरं, माझं एक सोडा. वनमाला, म्हणजे आमची ही, तिचं काय? कुडाळजवळ आमचं दोन खोल्यांचं घर आहे. मागे परसात ती दर वर्षी लाल माठ पेरते, वाल पेरते, दुधीला मांडव घालते. तिसऱ्या दिवशी मुलुंडहून फोन येतो, “पंप जळला!” की निघालो आम्ही परत. भाजी शेजारी खातात. खाऊन वर फोनही करतात, फार गोड होता म्हणून!

“नऊ वर्षांत मी पेरलेला माठ मी एकदाही खाल्ला नाही,” वनमाला म्हणाली. मी जूनमध्ये रिटायर झालो होतो. तिने दोन तिकिटं काढून ठेवली होती. रविवारी वार्षिक सभा, मंगळवारी गाडी. तीन महिने राहायचं, माठ स्वतः उपटून, स्वतः चिरून खायचा, असा बेत होता. “आणि सभेतून परत सेक्रेटरी होऊन वर आलात ना, तर मी जातलंय एकटी! तुमी रवा हयसर, तुमच्या पंपावांगडा!”

आता वनमाला मराठीत भांडते तोवर काही खरं नसतं. मालवणीत शिरली की विषय संपला. ती जाणार म्हणजे जाणार!

म्हणून मी निधीच्या पुस्तकाकडे वळलो.

पहिल्याच प्रकरणात मला माझीच गोष्ट सापडली. माणसाकडून मोठं काम करून घ्यायचं असेल तर आधी अगदी बारीक काम सांगायचं. एकदा का तो ‘हो’ म्हणाला, की पुढच्या प्रत्येक कामाला त्याच्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. वाचता वाचता मला घाम फुटला. कारण नऊ वर्षांपूर्वी आमचे चेअरमन धोंडिराम गायकवाड, पोस्टातून रिटायर झालेले, चौथा मजला, माझ्या दारात उभे राहून म्हणाले होते, “नंदू, मी गावाला जातोय. ही पंपरूमची चावी ठेव जरा. दोनच दिवस!”

दोन दिवसांनी म्हणाले, चावी तुझ्याकडे आहेच तर सकाळी पंप तेवढा लाव. मग म्हणाले, पंप लावतोसच तर प्लंबर आला की त्याच्याजवळ उभा राहा. मग म्हणाले, एवढं सगळं करतोसच, तर कागदावर सेक्रेटरी म्हणून सही करायला काय हरकत आहे? मी केली सही! चावी अजून माझ्या कडदोऱ्याला आहे म्हणाना.

“बाबा, तुझ्यावर प्रयोग झालाय,” निधी म्हणाली.

“झालाय ना? मग आता मी करणार!”

माणूस ठरलेला होता. तिसऱ्या मजल्यावरचा सुयोग. पस्तिशीचा, घरूनच काम करणारा, हसतमुख, सोसायटीच्या ग्रुपवर कुणीही काहीही टाकलं तरी अंगठा दाखवणारा. पण हा चार लोकांमागे जातो का, ते आधी तपासायला हवं होतं. पुस्तकात त्यासाठी एक झकास प्रयोग होता. लिफ्टमध्ये तिघांनी दाराकडे पाठ करून, मागच्या पत्र्याकडे तोंड करून उभं राहायचं. चौथा माणूस आत आला की बघायचं, तो काय करतो.

मी, निधी आणि पाचव्या मजल्यावरच्या अनुपमा मॅडम, शाळेत शिकवतात, असे आम्ही तिघं पत्र्याकडे तोंड करून उभे राहिलो. तिसऱ्या मजल्यावर सुयोग आत आला. “गुड मॉर्निंग काका,” म्हणाला. माझ्या पाठीकडे बघितलं, निधीच्या पाठीकडे बघितलं. मग गुपचूप वळला आणि आमच्याबरोबर पत्र्याकडे बघत खाली आला! एक शब्द विचारला नाही!

मला तर त्याला तिथेच मिठी मारावीशी वाटली. असा माणूस सेक्रेटरी म्हणून मिळणं म्हणजे भाग्यच!

पण तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा बाहेर सहाव्या मजल्यावरचं जोडपं उभं होतं. त्यांनी आमच्या चौघांच्या पाठी बघितल्या. आम्ही वळून बाहेर पडलो, ते आत गेले, आणि दार बंद होता होता मला दिसलं, दोघंही पत्र्याकडे तोंड करून उभे!

दोन दिवसांत अख्खी बिल्डिंग लिफ्टमध्ये पाठमोरी उभी राहायला लागली. कुणी म्हणे वास्तूचं काहीतरी आहे. कुणी म्हणे दाराच्या फटीतून वारा लागतो, डोळ्यांना वाईट. बहुतेकांचं म्हणणं, सेक्रेटरींचा नवीन नियम आहे, कारण सगळ्यात आधी परबच तसे उभे दिसले. धोंडिरामभाऊ तर माझ्या घरी आले. “नंदू, नियम चांगलाच असणार, तू काढलायस म्हणजे. पण पाठ करून मजल्याचा आकडा दिसत नाही रे. काल दोनदा सातव्यावर गेलो.”

“भाऊ, असा काही नियम नाही!”

“नसेना का. सगळे पाळतायत ना? शिस्त आली बिल्डिंगला! नऊ वर्षांत पहिल्यांदा!”

मी कपाळावर हात मारला. मी सुटायला बघत होतो आणि इथे माझी कीर्ती वाढत होती. पण म्हटलं, जाऊ दे, अजून दोन प्रकरणं हातात आहेत.

सोमवारी मी सुयोगच्या दारात गेलो. धोंडिरामभाऊंनी वापरला होता तोच आवाज काढला. “सुयोग, ही पंपरूमची चावी ठेव जरा. दोनच दिवस!”

“ठेवतो ना काका!”

बुधवारी म्हटलं, चावी आहेच तर पंप तेवढा लाव. लावला! शुक्रवारी म्हटलं, प्लंबर येतोय, त्याच्याजवळ उभा राहा. उभा राहिला, शर्टवर गंजाचं पाणी उडवून घेतलं, दुपारची मीटिंग पंपरूममधून केली! नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी मी दुपारी आडवा झालो. बेल वाजली नाही. मी बिछान्यात पडून पंख्याकडे बघत होतो आणि मला चक्क रडू आलं. इतकं बरं वाटत होतं!

“अहो, काय झालं?” वनमाला धावत आली.

“काही नाही गं. तू बॅगा भर.”

तिने बॅगा भरल्या. माठाचं बियाणं कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलं.

राहिली ती सभा. आमच्याकडे नाव सुचवायचं, मग दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर, अशी पद्धत आहे. पुस्तकात स्पष्ट होतं: सुरुवातीला तीनचार माणसं ठामपणे एक गोष्ट बोलली, की बाकीचे डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांच्या मागे जातात. म्हणजे तीनचार जणांनी ‘सुयोग!’ म्हणून हाक द्यायची की झालं काम!

मी आधी अनुपमा मॅडमना गाठलं. “मॅडम, उद्या नावं मागितली की तुम्ही सुयोगचं नाव घ्या.” त्या म्हणाल्या, घेते ना! मग वाटलं, त्यांना नेमकी शिंक आली तर? म्हणून दुसऱ्या मजल्यावर प्रीतमला सांगितलं. त्याला ऐनवेळी फोन आला तर? म्हणून अजून एकाला सांगितलं. असं करत करत मी अकरा जणांना सांगून ठेवलं! अकरा! आणि प्रत्येकाला वर खात्री दिली, “काळजी करू नका, तुम्ही एकटे नाही, बाकीच्यांनाही सांगितलंय!”

घरी येऊन हे निधीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. “बाबा, अकरा कशाला? एकालाच सांगायचं होतं, नाव घेऊन. तू चौथं प्रकरण वाचलंस का?”

“तीन बास आहेत गं!”

रविवारी सकाळी दहाला खालच्या पार्किंगमध्ये सभा. दहा वाजता प्रथेप्रमाणे तिथे मी, धोंडिरामभाऊ आणि तीस प्लास्टिकच्या खुर्च्या हजर होतो. मी खुर्च्यांना उद्देशून वाचून दाखवलं, “गणसंख्येअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब करण्यात येत आहे.” दर वर्षी करतो. साडेदहाला त्याच जागी तीच सभा पुन्हा सुरू होते, तेव्हा समोशांचा वास सुटलेला असतो आणि माणसं उतरतात. उतरली. लिफ्टमधून पाठमोरीच बाहेर पडली काही!

सुयोग इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. हातात चावी. वनमाला मागे खांबाजवळ, निधीशेजारी.

विषय भराभर संपले. धोंडिरामभाऊ घसा साफ करून म्हणाले, “आपले परब यंदा मोकळं करा म्हणतायत. सेक्रेटरीपदासाठी नाव सुचवा.”

मी डोळे मिटले. आता अकरा आवाज येणार!

एकही आला नाही.

डोळे उघडले. अनुपमा मॅडम प्रीतमकडे बघत होत्या. प्रीतम त्याच्या मागच्याकडे बघत होता. तो त्याच्या शेजारच्याकडे. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव, की आता कुणीतरी बोलेलच! मी प्रीतमला भुवई उडवून खूण केली. त्याने मला मान डोलावून दाखवली आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. शेजाऱ्याने पुढच्याला ढोसलं. ढोसणं अख्ख्या रांगेत फिरून परत प्रीतमकडे आलं. तोंड कुणी उघडलं नाही!

निधीने लांबून कपाळाला हात लावला. चौथं प्रकरण हेच असावं.

तेवढ्यात कांजूरच्या बाजूने वारा फिरला. मुलुंडकरांना सांगायला नको. तिथल्या कचऱ्याच्या डम्पिंगचा तो वास आला की लोक नाकाला रुमाल लावतात आणि असेल ते काम आटपायला बघतात. चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, “लवकर घ्या ओ, समोसे गार होतायत!”

मला दरदरून घाम सुटला. पोस्ट रिकामी राहिली की काय होतं ते मला ठाऊक होतं. जुनाच माणूस चालू राहतो! मी उभा राहिलो. म्हटलं, हे पद किती सुखाचं आहे ते सांगू, म्हणजे सुयोग आपणहून उठेल.

“मंडळी,” मी म्हणालो, “लोक म्हणतात सेक्रेटरी म्हणजे डोकेदुखी. अहो, कसली डोकेदुखी! नऊ वर्षं झाली, मला तर हे काम वाटलंच नाही! सकाळी पंपाचा आवाज ऐकला की कसं प्रसन्न वाटतं! बेल वाजली की वाटतं, कुणाला तरी आपली आठवण आली! मला काय मिळालं? माणसं मिळाली, माणसं!”

बोलता बोलता त्या वासाने माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी बाहीने पुसलं. आणि तिथेच माझी वाट लागली.

“अरे, रडतोय बघा तो!” धोंडिरामभाऊ उठले. “त्याला सोडवत नाहीये हो! आपल्यासाठी जागा करून देतोय बिचारा!”

“नाही नाही भाऊ, हे डम्पिंगमुळे...”

“लपवू नकोस, नंदू!” भाऊ म्हणाले. अनुपमा मॅडम पदराने डोळे टिपत होत्या. त्यांचेही डम्पिंगमुळेच असणार. पण आता कोण ऐकतंय?

आणि सुयोग उभा राहिला! म्हटलं, देव पावला!

“मला बोलायचंय,” तो म्हणाला. “काकांनी आठवडाभर ही चावी माझ्याकडे दिली होती. का दिली ते मला आत्ता कळलं. त्यांना दाखवायचं होतं की हे काम काय असतं. खरं सांगतो, पाच दिवसांत मी मेलो यार! हा माणूस नऊ वर्षं करतोय, आणि वर म्हणतो काम वाटलंच नाही! हे दुसऱ्या कुणाला जमणारच नाही! मी परबकाकांचं नाव सुचवतो!”

“अनुमोदन!” प्रीतम ओरडला. आता याचं तोंड उघडलं!

“अनुमोदन! अनुमोदन!” अकराच्या अकरा ओरडले. मी सांगून ठेवलेले. एकामागून एक, ठामपणे, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे!

“बाजूने असणाऱ्यांनी हात वर करा!” धोंडिरामभाऊ म्हणाले.

हातच हात वर गेले. समोर, मागे, खांबाला टेकलेले, एका हातात समोसा धरलेलेसुद्धा. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले, प्रेमाने ओथंबलेले. धोंडिरामभाऊंनी मोजायला सुरुवात केली. “सव्वीस, सत्तावीस... अठ्ठावीस! वा! एकमताने!”

टाळ्या पडल्या. सुयोगने चावी माझ्या तळहातावर ठेवली, वर आपले दोन्ही हात ठेवून दाबली. मी अजून हिशेबच करत होतो. अठ्ठावीस कसे? बिऱ्हाडं अठ्ठावीस, त्यातलं एक माझं. म्हणजे सत्तावीस व्हायला हवे होते. अठ्ठाविसावा कुणाचा?

मग माझ्या लक्षात आलं, की आपला उजवा खांदा दुखतोय. हात अजून वरच होता.

घरी गेलो तर वनमाला बॅग उघडून बसली होती. माझे कपडे एकेक करून बाहेर काढून पलंगावर रचत होती. लुंगी, बनियनं, मफलर.

“तुमचो हात कित्याक वर गेलो?” तिने विचारलं.

“सगळ्यांचे गेले गं.”

“माझो नाय गेलो.”

खरं होतं. निधीचा कपाळाला लावलेला सोडला, तर सगळ्या पार्किंगमध्ये एकच हात खाली होता, मांडीवर, पर्सवर घट्ट धरलेला. त्या पर्समध्ये माठाचं बी होतं. एवढ्या माणसांत मी दमलोय हे तिला एकटीला दिसलं होतं, आणि तिच्याकडे मी भाषण करताना एकदाही बघितलं नव्हतं.

निधीने पुस्तक हळूच माझ्यासमोरून उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

सोमवारी मी सभेचं इतिवृत्त लिहायला बसलो. ते सेक्रेटरीलाच लिहावं लागतं. वनमाला पाठीमागून वाचत होती.

“एकमताने काय लिहिताय? मी विरोधात होते!” आता ती मराठीत आली होती, पण ते बरं लक्षण नव्हतं. दमलेला आवाज होता.

“तुझं धरता येत नाही गं. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर. तू सभासद नाहीस.”

“अर्ज दिला होता मी. सहसभासद करून घ्या म्हणून. चार वर्षं झाली. तो मंजूर असता ना, तर काल तुम्हाला घरात कोंडून तुमच्या जागी मी खाली गेले असते, आणि उद्या आपण दोघं गाडीत असतो! कुठाय तो अर्ज?”

मी सोसायटीचं कपाट उघडलं. फार शोधावं लागलं नाही. तिसऱ्या फायलीत, वरच होता. तिचं वळणदार अक्षर, पोच म्हणून माझी सही, आणि समासात माझ्याच हातचा शेरा: ‘पुढच्या सभेत बघू.’

“सापडला?” मागून आवाज आला. “कशामुळे अडकलाय एवढा?”

कपाटातून डोकं बाहेर न काढता म्हटलं,

“सेक्रेटरी लक्ष देत नाही गं!”